वीज गेली म्हणून धडा का जावा?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि संगणकाच्या पडद्यावर उदाहरण सोडवत, सोबत बोलत धडा रेकॉर्ड करण्याचं काम शिक्षकांच्या अंगावर आलं. शाळा उघडल्या तरी ते काम सुटलं नाही. मात्र रेकॉर्डिंग फसलं की बोट शिक्षकाकडे जातं, नाहीतर जुन्या कॉम्प्युटरकडे. बहुतेक वेळा हे दोन्ही आरोप चुकीचे असतात. बिघाडाची कारणं मोजकी आहेत, कुणालाही कळतील अशी आहेत. ती मराठीत नीट समजावून सांगायला हवीत, एवढंच.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात सर्वांत जास्त जाच होतो तो वीज जाण्याचा. चाळीस मिनिटांचा धडा होत आला, वीज गेली, डेस्कटॉप बंद पडला. वीज आल्यावर फाइल जागेवर दिसते, तिचा आकारही भरपूर असतो, पण ती चालत नाही. साध्या एमपी4 फाइलमध्ये चित्र आणि आवाज कुठे साठवलाय याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सर्वांत शेवटी लिहिली जाते. तो शेवटच झाला नाही, तर आतला सगळा ऐवज असूनही प्लेअरला वाट सापडत नाही. ओबीएस स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये एमपी4 ऐवजी एमकेव्ही निवडलं, तर वीज गेली त्या क्षणापर्यंतचा धडा जवळजवळ पूर्ण हाती राहतो. नंतर त्याच्याच फाइल मेनूतल्या 'रीमक्स'ने तो काही क्षणांत एमपी4 होतो. खर्च शून्य.

पडदा काळा येतो, तेव्हाही मशीन भंगारात काढायचं कारण नसतं. अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. पडदा एकीवर चालतो आणि रेकॉर्डर दुसरीवर. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली ओबीएससाठी 'पॉवर सेव्हिंग' निवडलं की बहुधा चित्र येतं. आवाज नसेल तर आधी प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी पाहावी. विंडोज 10 चा गेम बार तर डेस्कटॉप रेकॉर्डच करत नाही. तो एका वेळी एकाच ॲपसाठी आहे. हे ठाऊक नसलेला माणूस तासभर स्वतःलाच दोष देत बसतो.

यूट्यूबवर सगळं मिळतं, असं कुणी म्हणेल. मिळतं, पण त्यासाठी आजाराचं नाव आधी माहीत असावं लागतं. 'रेकॉर्डिंग होत नाही' एवढंच म्हणता येत असेल, तर हजार व्हिडिओंतून आपला कोणता हे कसं ओळखणार? मोबाइलने पडद्याचं चित्रण करा, हा सल्लाही पुरा पडत नाही. त्यात आकडे पुसट येतात आणि मागच्या बाकावरच्या पोराला काहीच वाचता येत नाही. नवं मशीन मिळावं ही मागणी रास्तच आहे, पण भर रेकॉर्डिंगमध्ये वीज गेली की नव्या डेस्कटॉपवरचीही साधी एमपी4 फाइल तशीच अडते.

हिंगोली जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांत केंद्रांवर शिक्षण परिषदा भरतात. त्यातला एक तास यासाठी द्यावा. बटणं कुठे आहेत हे दाखवण्यापेक्षा रेकॉर्डिंग मुद्दाम बिघडवून दाखवावं: प्लग काढावा, माइक बंद करावा आणि दुरुस्ती शिक्षकांच्या हातून करून घ्यावी. तोवर शिक्षकांनी एवढं तरी करावं, धडा सुरू करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ते चालवून पाहावं.