जतुगृहातील निषादी : युधिष्ठिराच्या धर्माविषयी एक प्रश्न

युधिष्ठिराच्या नैतिकतेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रसंगांभोवती फिरते : द्यूत आणि द्रोणवधाच्या वेळचे असत्य. आदिपर्वातील जतुगृहाचा प्रसंग मात्र पांडवांच्या सुटकेची कथा म्हणूनच वाचला जातो. त्या रात्री वारणावतात पुरोचनाबरोबर एक निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्रही जळाले, याचा उल्लेख होतो. विचार क्वचितच होतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील कथनक्रम येथे लक्षणीय आहे. शस्त्रागाराला आग लावून, पुरोचनाला जाळून आणि सहा जीव येथे ठेवून आपण कोणाच्या नकळत निसटू, असा बेत युधिष्ठिर आधी भावांपुढे मांडतो. त्यानंतर कुंती अन्नदान करते. अन्नाच्या आशेने निषादी येते, मद्य पिऊन मुलांसह तेथेच झोपते आणि भीम आग लावतो. तिच्या येण्याचे कारण कवी योगायोग व काळाची प्रेरणा असे देतो. परंतु सहा ही संख्या त्याआधीच ठरलेली होती. केवळ दैवाकडे बोट दाखवून या मृत्यूंचा उलगडा होत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आपद्धर्माचा : प्रेते सापडली नसती, तर दुर्योधनाने पांडवांचा शोध थांबवला नसता. हे मान्य केले तरी आपद्धर्माने दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. प्रायश्चित्ताची अपेक्षा उरतेच. दुसरा आक्षेप असा की, आजची मूल्ये प्राचीन काव्यावर लादू नयेत. तो रास्त आहे. पण येथे कसोटी खुद्द युधिष्ठिराचीच आहे. यक्षप्रश्नात तो आनृशंस्याला, म्हणजे क्रौर्याच्या अभावाला, परम धर्म म्हणतो आणि भीमार्जुनांऐवजी नकुलाचे प्राण मागतो. कारण कुंतीप्रमाणे माद्रीचाही एक पुत्र जिवंत राहावा. दोन मातांना समान लेखणाऱ्या या धर्मात पाच पुत्रांच्या त्या तिसऱ्या मातेला स्थान मिळालेले नाही.

महाभारत आपल्या नायकांचे दोष सहसा झाकत नाही. द्रोणाशी केलेल्या कपटापायी युधिष्ठिराला स्वर्गारोहणपर्वात नरकदर्शन घडते. शांतिपर्वात भीष्म, द्रोण, कर्ण आणि अभिमन्यू यांच्यासाठी तो शोक करतो. त्या शोकात निषादी नाही.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडवदाहाच्या हिंसेकडे लक्ष वेधले. दलित साहित्याने एकलव्याच्या अंगठ्याचा जाब विचारला. बंगालीत महाश्वेता देवी यांनी कुंतीला एका निषाद स्त्रीसमोर उभे केले. मराठी समीक्षेने मात्र वारणावताकडे पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. युधिष्ठिराला खलनायक ठरवणे हा येथे हेतू नाही. त्याच्या धर्मविचाराची थोरवी मान्य करूनच, तो विचार कोणापाशी येऊन थांबतो, हे तपासले पाहिजे. आणि ती तपासणी द्रोणवधाच्या असत्यापासून नव्हे, तर या सहा मृत्यूंपासून सुरू व्हावयास हवी.