सावनूरकरांसाठी वेगळा गज

निपाणीतल्या एका व्याख्यानात परवा एका विद्वान वक्त्यांनी दक्षिणेतल्या मुसलमान संस्थानिकांचा निकाल पंधरा मिनिटांत लावून टाकला. आरोप चार. हे लोक मुळात परके. इंग्रजी अमलात ते साहेबाच्या ताटाखालची मांजरं झाले. स्वातंत्र्य आलं तेव्हा त्यांचं मन कराचीत होतं. आणि मागे त्यांनी कबरींपलीकडे काही ठेवलं नाही. पुरावा म्हणून जुनागड आणि हैदराबाद ही दोन नावं घेतली, टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झालं. आपल्याला सर्वांत जवळचं मुसलमान संस्थान म्हणजे सावनूर. हुबळीच्या पुढे, आजच्या हावेरी जिल्ह्यात. त्याचं नाव पंधरा मिनिटांत एकदाही आलं नाही. शेजारचं गाव सोडून काठेवाडात पुरावा शोधायला जाणं, याला हल्ली व्यासंग म्हणतात.

परकेपणाचं आधी उरकून घेऊ. सावनूरचे नवाब मियाना पठाण. नेसरीच्या खिंडीत १६७४ साली प्रतापराव गुजरांनी ज्याच्यावर झेप घेतली, तो बहलोलखान याच घराण्यातला. म्हणजे घराणं शत्रुपक्षातलं, यात लपवण्यासारखं काही नाही. विजापूर बुडाल्यावर अब्दुल रऊफखानाने औरंगजेबाकडून बंकापूर, तोरगल आणि आझमनगर ही सरकारं, म्हणजे मोगली अमलातले विभाग, मिळवली. आझमनगर म्हणजे आपलं बेळगावच. पुढची अडीचशेहून अधिक वर्षं हे घराणं याच मातीत राहिलं. पण परकेपणाच मोजायचा तर जमखंडीचे पटवर्धन मूळचे रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे, आणि निपाणीचे निंबाळकर फलटणकडचे. त्यांना कुणी परकं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. सावनुरातल्या मठाच्या आवारात गोरखचिंचेची तीन अवाढव्य झाडं आहेत. राखाडी, फुगीर बुंधा, हत्तीच्या पायासारखी सुरकुतलेली साल. उन्हाळ्यात पान नाही, पावसाळा आला की पंजासारखी पानं आणि उलटी लटकणारी पांढरी फुलं. झाडाची जात आफ्रिकेतली. मठाने त्याला कधी परत जा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता माझा खरा राग आहे त्या मुद्द्याकडे येतो : ताटाखालचं मांजर.

सावनूरच्या नवाबाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं नाही. अगदी मान्य. मग प्रश्न असा, की आपल्या भागात केलं कुणी? १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी केलं. मूलबाळ नव्हतं, दत्तकाला परवानगी नाकारली होती, वर हत्यारं काढून घेण्याचा हुकूम. पोलिटिकल एजंट मॅन्सन रामदुर्गाहून निघाला तो सुरेबानला मुक्कामी होता. तिथे नरगुंदकरांनी त्याला गाठून ठार केलं. १२ जूनला बाबासाहेबांना इथे बेळगावात फाशी दिली. आणि रामदुर्गकर? तेही भावेच, त्याच घराण्याची पाती. त्यांनी बंड केलं नाही. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत सुखरूप नांदलं, आणि १९३९ साली त्यांची प्रजाच रस्त्यावर उतरून त्यांच्यावर उठली.

कोल्हापुरात तेच. १८५७ च्या जुलैअखेरीस तिथली पलटण उठली. संशय धाकट्या चिमासाहेबांवर आला आणि ते कराचीला हद्दपार झाले. थोरले बाबासाहेब महाराज गादीवर राहिले. एकाच घरातला एक भाऊ देशोधडीला लागला आणि दुसरा इंग्रजांशी सलोख्यात राहिला. आता सांगा, यात धर्म कुठे आला? सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, मुधोळ यांपैकी कुणी साहेबाला सलाम करायचा राहिला होता? तोफांच्या सलामीचा हिशेब साहेबानेच ठरवला होता. कोल्हापूरला १९, जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाला ११, सांगलीला ९. सावनूरला एकही नाही. ज्याच्यासाठी साहेबाने एक तोफ उडवली नाही तो साहेबाचा लाडका, आणि ज्यांच्यासाठी उडवल्या ते स्वाभिमानी! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही.

इथे जुनं एक भांडण आठवतं. काही वर्षांपूर्वी एका मासिकात एका पंडितांशी माझी जुंपली होती. त्यांचं म्हणणं, निपाणीच्या सिद्धोजीरावांनी १८१८ नंतर इंग्रजांशी जुळवून घेतलं ते धोरणीपण. बरं. त्या धोरणाचं फळ काय, तर १८३९ मध्ये वारस नसल्याचं कारण काढून इंग्रजांनी जहागीर गिळली. मी एवढंच विचारलं होतं, की हेच सावनूरच्या नवाबाने केलं तर त्याला लाचारी का म्हणायचं? उत्तरादाखल चार पानं आली. त्यात माझ्या शुद्धलेखनाची चिकित्सा होती. प्रश्न आजही तसाच आहे.

आणि ज्यांना धर्मावरून निष्ठा ओळखता येते, त्यांनी १७५६ चा सावनूरचा वेढा वाचावा. वेढा घालणारे नानासाहेब पेशवे, त्यांच्या बाजूला निजाम आणि बुसीच्या फ्रेंच तोफा. आत नवाब, आणि नवाबाच्या बाजूने मुरारराव घोरपडे. पुढे नवाब अब्दुल हकीमखानाने हैदरअलीशी सोयरीक केली. मुलगी दिली, मुलगी घेतली. त्याच हैदरच्या मुलाने, टिपूने, १७८६ मध्ये सावनूर लुटलं, आणि नवाब आसऱ्याला आला तो मराठ्यांच्या छावणीत. पुढे पेशव्यांची नेमणूक खाऊन घराणं जगलं. हे सगळं ‘ते आणि आपण’ अशा दोन रकान्यांत बसवून दाखवणाऱ्याला मी माझ्या खर्चाने शाल-श्रीफळ देईन.

तिसरा आरोप कराचीचा. सावनूर ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं. जंजिराही त्याच वर्षी. तिथे रझाकार नव्हते, फौजा गेल्या नाहीत. एवढं पुरे.

मग मंडन काय, असं विचारतील. विचारावंच. नवाबांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. सावनूरला शाहू महाराज लाभले नाहीत. औंधच्या पंतांसारखं १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार देणं तिथे कुणाला सुचलं नाही. संस्थान म्हणजे सत्तरेक चौरस मैल, पंचवीसेक गावं, १९०१ च्या खानेसुमारीत अठरा हजारांच्या आसपास माणसं. वर धारवाडचा कलेक्टर पोलिटिकल एजंट म्हणून बसलेला. शेवटचा राज्यकर्ता अब्दुल मजीदखान १८९३ साली पोरवयात गादीवर आला आणि अधिकार हाती यायला १९१२ उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं कारभार साहेबाच्या देखरेखीखाली चालला. त्या वर्षांचं पाप नवाबाच्या माथी मारायचं, तर त्या वर्षांत जे बरं झालं असेल त्याचं पुण्यही त्यालाच द्यायला हवं. दोन्ही खोटंच.

वारसा म्हणाल, तर या नवाबी गावात उत्तरादी मठाच्या सत्यबोध तीर्थांचं वृंदावन आहे. ते १७८३ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले, आणि माध्व मंडळी आजही तिथे दर्शनाला जातात. नवाबाच्या राजधानीत हे उभं राहिलं आणि टिकलं. याच गावात १९०९ साली विनायक कृष्ण गोकाक जन्मले. ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी, आणि ज्यांच्या नावाच्या अहवालाने १९८१ नंतर कन्नड सक्तीचं वादळ आपल्या दारात आणलं तेही तेच. त्या अहवालाशी माझं भांडण आहे आणि राहील. पण मागे काही ठेवलं नाही म्हणणाऱ्यांनी सावनुरात वाढलेल्या माणसांची यादी एकदा तरी करावी. विड्याच्या पानांचं नाव मी मुद्दाम घेत नाही. सावनूरचं पान खाऊनच हे आरोप करणारेही असतील.

माझी मागणी लहान आहे. सीमाभागातल्या संस्थानांवर लिहिणाऱ्याने रामदुर्ग, जमखंडी, मुधोळ आणि सावनूर एकाच प्रकरणात घ्यावीत आणि चौघांनाही तेच तीन प्रश्न विचारावेत : साहेबाने तुमचे हात किती बांधले होते, जे मोकळे होते त्यांनी तुम्ही काय केलंत, आणि रयतेच्या पदरात काय पडलं. उत्तरं सावनूरला अडचणीची निघाली, तर निघू देत. रामदुर्गालाही निघतील.