आजीला घेऊनच या!

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. अलिबागजवळच्या आमच्या गावात नाक्यावर एक भाड्याची गाडी थांबली. आतून ऐंशीच्या पुढची एक आजी उतरली, मागून तिची मुलगी आणि माझ्याच वयाचा नातू. नातवाने मोबाइलवरचा मॅप दाखवून मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी उत्तर देणार तेवढ्यात आजीने त्याचा हात बाजूला केला आणि मलाच विचारलं, ''तू कुणाचा रे, बाळा?''

अस्सल आपली मराठी! आणि आजी आली होती थेट इस्राएलमधल्या लोद शहरातून. वयाच्या पंधराव्या वर्षी इथून गेलेली, आता लेकीला आणि नातवाला आपलं गाव दाखवायला आलेली.

ही मंडळी बेने इस्राएल. पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कथा. पुढे ते कोकणात तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव लावलं: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. 'गोलमाल'मधले डॉक्टर काका आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातच चौल! १९४८ला इस्राएल देश झाला आणि नंतर यातली बरीच घरं तिकडे गेली. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. म्हणूनच असेल, आजीच्या बोलण्यात गावाबद्दल राग नव्हता, नुसती ओढ होती.

तर आजीला तिच्या आजोबांचा घाणा बघायचा होता. आणि मी? वीस वर्षं याच गावात राहतोय, पण इथे घाणा होता हेच मला माहीत नव्हतं. नातवाच्या मॅपवर नव्हता, माझ्या डोक्यातही नव्हता. खरं सांगतो, लाज वाटली.

शेवटी त्यांना घरी नेलं. आमचे आजोबा पडवीत बसले होते. आजीने आडनाव सांगितलं मात्र, आजोबा उठूनच उभे राहिले. ''म्हणजे विहिरीपलीकडचे तुम्ही!'' पुढचा तासभर आम्हा पोरांचं तिथे काहीच काम नव्हतं. कुणाची आई कुणाच्या बाळंतपणाला आली होती, मलिद्याचे गोड पोहे आणि नारळ कुणाकुणाच्या घरी जायचे, सगळं निघालं. मग आजोबांनी जागा दाखवली. तिथे आता वीकेंडला भाड्याने जाणारा बंगला आहे. घाण्याचा दगड मात्र कुंपणाबाहेर पडलेला. आम्ही लहानपणी त्यावर बसून कैऱ्या खायचो! आजीने त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

नातू सुरुवातीला सगळं शूट करत होता. मग त्याने फोन खिशात टाकला आणि आईला सारखं विचारू लागला, काय म्हणतायत, काय म्हणतायत? आई अर्धं सांगायची, अर्ध्यावर अडायची. आजीला पूर्ण मराठी, लेकीला अर्धी, नातवाला शून्य. तीन पिढ्यांत बॅटरी संपली.

म्हणूनच माझं म्हणणं आहे, मूळगाव बघायला जायचं तर आजी-आजोबांना सोबत घेऊन जा. 'आधी करिअर, मग कधीतरी' असं नको. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग पुढेही बघता येईल. नवगावचं स्मारक, एलियाहू हन्नबीच्या रथाच्या खुणा मानतात तो खंडाळ्याचा खडक, हेही मॅपवर सापडेल. पण तो दगड कुणाच्या घाण्याचा, हे मॅप सांगणार नाही.

कुणी म्हणेल, एवढा खर्च करून एका दगडासाठी यायचं? नुसता नॉस्टॅल्जिया! मला तसं वाटत नाही. याच लोकांच्या ज्यू असण्यावर तिकडे शंका घेतली गेली होती. आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ साली बरोबरीचं स्थान मिळालं. तिथे 'तुम्ही इंडियन' आणि इथे 'तुम्ही फॉरेनर' असं ऐकणाऱ्या पोराला, आपण नक्की कुठले हे दाखवणारी एक जागा मिळाली, तर ती छोटी गोष्ट नाही.

पण ही जबाबदारी फक्त येणाऱ्यांची आहे का? ते हजारो मैलांवरून प्रश्न घेऊन येतात, उत्तर आपल्या गावात असायला हवं. त्या दिवशी आजोबा घरी नसते तर? आजी बंगल्याचं गेट बघून परत गेली असती. कोकणातून माणसं फक्त इस्राएललाच गेली असंही नाही. मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांची पतवंडंही आज गाव शोधत येतात. तेव्हा आपण काय सांगणार? 'माहीत नाही, गूगल करा'?

फार काही करायचं नाहीये. या सुट्टीत आजोबांना घेऊन गावातून एक चक्कर मारा. प्रत्येक पडक्या जोत्यापाशी थांबून विचारा, इथे कोण राहायचं, कुठे गेले? फोन आहेच हातात, रेकॉर्ड करा.

तो नातू आता अधूनमधून मेसेज करतो. आजी एखादा शब्द बोलते, तो मला अर्थ विचारतो. मलाही कधी कधी माहीत नसतो. मग मी पडवीत जातो आणि आजोबांचाच व्हॉइस मेसेज करून पाठवतो. आजोबा म्हणतात, अजून तीन घरांच्या जागा दाखवायच्या राहिल्यात. येत्या रविवारी निघतोय आम्ही.