विश्लेषण : समृद्धीवरचे ते ‘खिळे’ आणि काँक्रीटच्या भेगा, फायबर टाकलं की भागतं का?

सप्टेंबर 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर ‘खिळे ठोकल्याचा’ व्हिडिओ व्हायरल झाला. गाड्यांचे टायर पंक्चर झाले होते. ते खिळे नव्हते, तर बारीक भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या, असं एमएसआरडीसीने स्पष्ट केलं. हाच 701 किलोमीटरचा महामार्ग अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनही जातो. सिमेंटचे रस्ते तर आता गावोगावी होतात. मग काँक्रीटला भेगा पडतात कशा?

काँक्रीट आकसतं म्हणजे काय?

भेगांची कारणं अनेक आहेत. त्यातलं नेहमीचं कारण म्हणजे आकुंचन. आयएस 456 या मानकानुसार, चाचणीचे आकडे नसतील तर आकुंचन 0.0003 धरतात. म्हणजे 4.5 मीटरचा स्लॅब साधारण 1.35 मिलिमीटर आकसणार. खालचा थर त्याला मोकळेपणी आकसू देत नाही, त्यामुळे ताण येतो आणि काँक्रीट तडकतं. रस्त्यात ठरावीक अंतरावर सांधे कापतात ते यासाठीच.

जास्त ताकद, तरी भेगा?

हो. एम 60 आणि त्यावरच्या काँक्रीटमध्ये सिमेंट जास्त आणि पाणी कमी असतं. सिमेंट आतलं पाणी वापरून टाकतं, त्यामुळे वरून पाणी उडालं नाही तरी काँक्रीट आकसतं. त्यात वऱ्हाडातला मे महिना, 45 अंशांच्या आसपासचं ऊन आणि कोरडा वारा. अशा हवेत ताजं काँक्रीट काही तासांतच तडकू शकतं.

फायबर आणि अ‍ॅडमिक्शर काय करतात?

स्टीलचे तंतू आकुंचन थांबवत नाहीत, भेग रुंद होऊ देत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू ताज्या काँक्रीटमधल्या भेगा कमी करतात. मूळ आकुंचनावर उपाय अ‍ॅडमिक्शरचा :

• सुपरप्लास्टिसायझर : कमी पाण्यातही काँक्रीट नीट पसरतं. पण त्याच्या जोरावर पाणी खूपच कमी केलं, तर आतलं आकुंचन वाढतं.

• आकुंचन कमी करणारं रसायन : काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. मात्र सेटिंग लांबू शकतं, ताकद थोडी घटू शकते.

• प्रसरण घडवणारं मिश्रण : काँक्रीट सुरुवातीला किंचित फुगतं आणि पुढचं आकुंचन भरून निघतं. पण त्यासाठी भरपूर पाणी मारावं लागतं.

मग विचारायचं काय?

28 दिवसांच्या क्यूब टेस्टमध्ये दाबाची ताकद कळते, आकुंचन नाही. त्यामुळे ‘क्यूब पास झाले’ हे भेगांवरचं उत्तर नव्हे. गावात रस्ता होत असेल तर तीन प्रश्न विचारा : याच सिमेंट-वाळूवर अ‍ॅडमिक्शरची ट्रायल घेतली का? काँक्रीट ओतण्याची वेळ ऊन पाहून ठरवली का? सांधे वेळेत कापून, गोणपाट टाकून किती दिवस पाणी मारणार?

महागडं फायबर आणि रसायन वापरूनही पाणी मारलं नाही, तर भेग पडणारच. मग दुरुस्तीचा खर्चही जनतेच्याच पैशातून होतो.