सक्षम कोण, हे मोजून ठरवा

डिसेंबर २०२३ मध्ये केरळमधील, दोन्ही हात नसलेल्या एका तरुणीला मोटार चालवण्याचा परवाना मिळाला. पायांनी आणि आवाजी आज्ञांनी चालवता येईल अशा रीतीने तिच्या मोटारीत बदल करण्यात आले होते. देशभर कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र तिला आधी नकार मिळाला होता आणि राज्याच्या दिव्यांग आयोगाकडे दाद मागावी लागली होती, हेही विसरता कामा नये.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. ब्रेक दाबण्यास सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर झाला, तर ती सुमारे १.७ मीटर अधिक पुढे जाते. ब्रेक हाताने दाबला की पायाने, याला या गणितात स्थान नाही. प्रतिसादाचा वेळ आणि ब्रेकवर पडणारे बल या दोनच गोष्टी तिथे महत्त्वाच्या, आणि दोन्ही मोजता येतात. हाताचे बल अपुरे पडत असेल तर तरफेने ते वाढवता येते. दृष्टिक्षेत्र, सांध्यांची हालचाल, थकल्यानंतरचा प्रतिसाद हे सारे सिम्युलेटरवर, कोणाचाही जीव धोक्यात न घालता, तपासता येते.

आपला कायदा या बाबतीत अगदीच मागे नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी परवान्याचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मोकळा केला. मोटार वाहन अधिनियमातील 'इनव्हॅलिड कॅरेज' ही संज्ञा २०१९ च्या दुरुस्तीने जाऊन तिथे 'अनुकूलित वाहन' आले. सौम्य ते मध्यम रंगांधत्व असलेल्यांना २०२० मध्ये मुभा मिळाली.

ज्याच्या वाहन चालवण्याने जनतेला धोका संभवतो, त्याला परवाना नाकारावा, ही तरतूद रास्तच आहे. पण धोका ठरवायचा कशाच्या आधारे? प्रमाणपत्र देणारा डॉक्टर अर्जदाराला दवाखान्यात पाहतो, गाडीत नव्हे. निरीक्षक त्याला गाडीत पाहतो, पण मोजमापाविना. केवळ नजरेने दिलेला निर्णय दोन्ही बाजूंनी चुकू शकतो : सक्षम माणूस घरी बसतो आणि अक्षम माणूस रस्त्यावर येतो.

प्रशिक्षणाचा पेच याहून मोठा आहे. बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलकडे अनुकूलित गाडी नसते. म्हणजे आधी लाखो रुपये खर्चून गाडी घ्यायची, तिच्यात बदल करायचे, आणि आपल्याला ती चालवता येईल की नाही हे त्यानंतर कळायचे!

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. त्यांनुसार अशा केंद्रांत सिम्युलेटर आणि चाचणी-मार्ग आवश्यक आहेत, आणि तेथून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. म्हणजे पाया तयार आहे. प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका केंद्रात हाताने चालवता येणारी गाडी, प्रतिसाद मोजण्याची साधने आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ असावा, एवढीच भर हवी. हाताची नियंत्रणे बसवूनही पायातले ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर वापरता येतात. त्यामुळे ती गाडी इतर शिकाऊंसाठीही उपयोगी पडेल.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर स्वस्त आणि विश्वासार्ह प्रतिसादमापक बनवा. ज्याला परवाना नाकारला जातो, त्याला निदान तो कोणत्या आकड्यामुळे नाकारला हे कळलेच पाहिजे.