अंध गिऱ्हाईक येतच नाही, म्हणे!

अंधांना, कर्णबधिरांना, हात थरथरणाऱ्यांना वापरता येईल अशी वेबसाइट करा, असं म्हटलं की व्यापाऱ्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "आमच्याकडे तसं गिऱ्हाईक येतच नाही हो." यातली गंमत अशी की हे उत्तर खोटं नाही. दाराला कुलूप घालून गल्ल्यावर बसलेला दुकानदारही अगदी खरेपणाने सांगू शकेल की आज कोणी फिरकलं नाही.

एप्रिल-मे महिना घ्या. रत्नागिरी-देवगडचा हापूस थेट बागेतून घरपोच देणाऱ्या वेबसाइटी आता कितीतरी झाल्या आहेत. त्यांतल्या अनेकींवर भावाचा तक्ता म्हणजे एक चित्र असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला जे बनवलं, तेच इथे चढवलेलं. पाच डझनांची पेटी केवढ्याला, फळाचं वजन किती, पुण्याला कधी पोचणार, सगळं त्या चित्रात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन त्यातलं काय ऐकवतो? बहुतेकदा नुसतं फाइलचं नाव : "आयएमजी अंडरस्कोर", आणि पुढे आकड्यांची माळ. बरं, भाव शेजाऱ्याला विचारून घेतला. मग डझन वाढवायचं नि कमी करायचं अशी दोन चिन्हं येतात. त्यांना नावं दिलेली नाहीत, म्हणून फोन म्हणतो "बटन", आणि पुन्हा "बटन". पत्त्याच्या रकान्यांनाही लेबल नाही; नाव कुठे, पिनकोड कुठे, हे अंदाजाने. एवढं पार पडलंच तर शेवटी कॅप्चा : वाकडीतिकडी अक्षरं पाहून लिहा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा! हा माणूस पेटी न घेता निघून जातो. मालकाच्या अहवालात त्याची नोंद "कार्ट अर्धवट सोडलेले" एवढीच राहते. तो का गेला, तो स्क्रीन रीडर वापरत होता का, हे गिऱ्हाइकं मोजणारी नेहमीची साधनं सांगतच नाहीत. "येतच नाही" हा निष्कर्ष अशा आंधळ्या हिशेबावर उभा आहे.

आता आकडे. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. उत्तर प्रदेशाखालोखाल आपलाच क्रमांक. यात मोतीबिंदू पिकत आलेले आजोबा नाहीत, संधिवाताने बोटं आखडलेल्या आणि एवढंसं बटन दाबता न येणाऱ्या मावशी नाहीत, लाल-हिरव्यातला फरक न कळणारा आणि "लाल रकाने पुन्हा भरा" या सूचनेपुढे हतबल झालेला तरुणही नाही. भर उन्हात रिक्षात बसून फिकट करड्या अक्षरांतला भाव वाचू पाहणारे तुम्ही-आम्ही तर नाहीच नाही.

मराठी वेबसाइटींची एक खास खोडही सांगितली पाहिजे. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी छपाईसाठी जुन्या फॉन्टात केलेली माहितीपत्रकं तशीच पीडीएफ करून टाकली जातात. डोळ्यांना ती सुबक मराठी दिसते. स्क्रीन रीडरच्या वाट्याला रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. दुसरं, पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती हे सांगणारी खूण इंग्रजीचीच राहते, कारण साचा बाहेरून आणलेला. मग यंत्राने मराठी आवाज लावायचा की इंग्रजी, हे नशिबावर. ती खूण बदलायला एक शब्द पुरतो.

यावरूनच दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ : खर्च. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख वेबसाइटींची मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले, आणि सापडलेल्या दोषांपैकी ९६ टक्के फक्त सहा प्रकारांचे होते : फिकट अक्षरं, वर्णन नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, रिकाम्या लिंका, रिकामी बटनं आणि भाषेची न दिलेली खूण. यातल्या कशाला परदेशी सल्लागार लागतो? साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान साडेचारास एक या प्रमाणात वेगळा असावा, एवढा नेमका नियम छापून ठेवलेला आहे. मोजण्याची साधनं फुकट आहेत. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक बहुधा आधीच बसवलेला. हे मान्य करतो की दहा वर्षं ठिगळं लावत वाढवलेली मोठी वेबसाइट सुधारायला पैसे लागतात. पण ते पैसे सुरुवातीच्या निष्काळजीपणाचे आहेत. ते अपंगांच्या खात्यावर का मांडायचे?

तिसरं उत्तर हुशारांचं. "आम्ही प्लगइन बसवलंय." कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह, दाबलं की अक्षरं मोठी, रंग गडद. हे चिन्ह पाहिलं की मला तर संशयच येतो. चित्रात केशर आंबा आहे की पायरी, हे वरून चिकटवलेल्या स्क्रिप्टला छातीठोकपणे कसं कळणार? ज्याला मोठी अक्षरं हवीत, त्याने ती आपल्या फोनवर आधीच मोठी केलेली असतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची तर तक्रार आहे की ही प्लगइनं त्यांच्या साधनाच्या आड येतात. अ‍ॅक्सेसिबी या कंपनीने दावा केला होता की आपलं साधन कोणतीही वेबसाइट अपंगांच्या सोयीसाठीच्या मानकांत बसवतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये तो दिशाभूल करणारा ठरवला आणि कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. विकणाराच तोंडावर पडला, तरी विकत घेणारे निश्चिंत आहेत.

देखणेपणा जातो, ही तक्रार दोन वाक्यांत निकालात निघते. चित्राचं वर्णन, बटनाचं नाव, भाषेची खूण डोळ्यांना दिसतच नाही. आणि फिकट करड्यावर पांढरी अक्षरं हे सौंदर्य असेल, तर ते कोणालाच वाचता येत नाही.

"फोन करा ना, आम्ही आहोत" हे मात्र प्रेमाने म्हटलं जातं, म्हणून जास्त फसवं. कर्णबधिराने फोन कसा करायचा? अमेरिकेत डॉमिनोजवर एका अंध ग्राहकाने खटला भरला, तेव्हा कंपनीचा बचाव हाच होता की आमची फोनसेवा आहे. २०२१ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. त्या ग्राहकाने दोनदा पाऊण तासाहून अधिक वाट पाहून फोन ठेवला होता. बाकीच्यांनी रात्री अकरा वाजता मनात येईल तेव्हा मागवायचं आणि याने मात्र कोणी फोन उचलेपर्यंत थांबायचं!

राहता राहिला कायदा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ सेवा सरकारी की खासगी असा भेद करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियमावलीतला १५(१) हा नियम रद्द केला, कारण कायद्याने सक्ती सांगितली होती आणि नियमाने तिची शिफारस करून टाकली होती. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. खातं उघडताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवा, अशी यंत्राची अट, आणि जखमांमुळे ते अशक्य. ही अट घालणाऱ्या कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांनी फक्त आपल्यासारखाच माणूस समोर धरला होता.

कायद्याच्या धाकाने व्यापाऱ्यांना छळणारे वकील निपजतील, ही भीती निराधार नाही. अमेरिकेत शेकडो ठरावीक साच्याच्या नोटिसा पाठवून तडजोडीचे पैसे उकळण्याचा धंदा झालाच आहे. त्यावर तोड मात्र नोटीस येण्याआधीचीच आहे. वेबसाइट बनवणाऱ्याशी करार करताना त्यात एक अट घाला : माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर, आणि टॉकबॅक चालू करून पडदा न बघता एक ऑर्डर शेवटपर्यंत पूर्ण झाली, तरच शेवटचा हप्ता. ही तपासणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी. आणि करून घ्यायची तर त्याचा दर विचारून, बिल घेऊन, पैसे द्यावेत. आंब्याची पेटी भेट देऊन, फोटो काढून, "समाजकार्य" म्हणून फेसबुकवर टाकू नये.