किरकोळ धडक बसली. जागेवरच मिटवायचं की विम्याचा क्लेम करायचा? आधी हे गणित मांडा

कळंब (ता. आंबेगाव) : पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचर, कळंब, नारायणगाव या पट्ट्यात टोमॅटो-कांद्याच्या पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, एसटी आणि शनिवार-रविवारच्या पर्यटकांच्या मोटारी एकाच रस्त्यावर असतात. पुढच्याने ब्रेक मारला की मागून हलकी धडक बसते. बंपर फुटतो, दार चेपतं. दोन्ही चालक खाली उतरतात आणि थोड्या वेळात विषय ‘दोन-तीन हजार घ्या, मिटवून टाकू’ इथवर येतो.

हा व्यवहार कधी फायद्याचा असतो आणि कधी अंगाशी येतो, समजून घेऊया.

क्लेम केला तर काय जातं?

वर्षभर क्लेम केला नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. ही सवलत फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर असते. थर्ड पार्टी हप्त्याचा त्याच्याशी संबंध नाही. स्वतःच्या गाडीसाठी एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. चूक समोरच्याची असली तरी!

आकड्यांत पाहू

समजा, तुमचा बोनस ५० टक्के आहे. बोनसआधीचा हप्ता १० हजार रुपये आहे आणि तो तेवढाच राहिला.

- क्लेमनंतरच्या पाच वर्षांत बोनस ०, २०, २५, ३५, ४५ असा चढेल. एकूण जादा खर्च १२,५०० रुपये, जीएसटी वेगळा.
- आता बिल पाहा. प्लास्टिकचा बंपर ६ हजार, पेंटिंग ४ हजार. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे मिळाले ३ हजार. पेंटिंगच्या बिलाचा २५ टक्के भाग मटेरियल धरून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे मिळाले ३,५००. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १ हजार रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. कंपनीकडून हातात ५,५०० रुपये.

म्हणजे ५,५०० मिळवण्यासाठी १२,५०० गमावले. तुमच्याकडे ‘झीरो डेप’ किंवा बोनस वाचवणारं जादा कव्हर असेल, तर हिशोब बदलतो. नुकसान इंजिन, चासी किंवा रेडिएटरपर्यंत गेलं असेल, तर क्लेमच करावा. वरून फक्त चेपलेला दिसणारा भाग आतून किती वाकलाय, हे गॅरेजमध्ये उघडल्यावरच कळतं. म्हणून रस्त्यावर रक्कम ठरवण्याची घाई करू नका.

समोरच्याचं नुकसान असेल तर?

इथे लोक गफलत करतात. स्वतःचा बंपर स्वतःच्या पैशाने दुरुस्त करणं आणि दुसऱ्याला पैसे देऊन मिटवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार पॉलिसीच्या प्रमाणित अटींनुसार, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, पैशाचं आश्वासन देऊ नये किंवा पैसे देऊ नयेत. तीन हजार देऊन मिटवलं आणि महिन्याभराने समोरचा मोठी भरपाई मागत न्यायाधिकरणात गेला, तर कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ नुसार कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि तिथे पोलीस नसतील, तर जवळच्या पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. कलम १८७ नुसार हे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

कुणाला लागलं असेल तर

रस्त्यावर मिटवामिटवी करूच नका. दुचाकीवरून पडलेला माणूस ‘काही नाही झालं’ म्हणत उठतो, पण डोक्याचा मार कधी कधी काही तासांनी जाणवतो. आधी दवाखाना, मग पोलीस आणि विमा कंपनी. पैशाचं बोलणं नंतर.

तरीही आपसात मिटवत असाल तर

- गाड्या हलवण्याआधी दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे आणि रस्त्याचे फोटो काढा.
- परवाना, आरसी आणि पॉलिसीचे फोटो एकमेकांना द्या.
- तारीख, वेळ, ठिकाण, गाडी क्रमांक, रक्कम आणि ‘वाहनाच्या नुकसानीपोटी, कुणालाही इजा नाही’ हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.
- पैसे रोख न देता यूपीआयने द्या. नोंद राहते.
- गॅरेजचा अंदाज आल्याशिवाय अंतिम रक्कम मान्य करू नका.
- गर्दी जमवून दमदाटी होत असेल, तर पैसे देऊ नका. ११२ वर फोन करा.

थोडक्यात, फक्त तुमचीच गाडी चेपली असेल, तर बोनस आणि बिल यांची तुलना करून ठरवा. दुसऱ्याची गाडी गुंतली असेल, तर कागद आणि कळवणं दोन्ही हवं. माणूस जखमी असेल, तर ‘मिटवून टाकू’ हा पर्यायच नाही.